रॉकस्मिथवर खरी गिटार शिकता येते का? अमळनेरहून एक सविस्तर रिव्ह्यू

येते. रॉकस्मिथ हा गिटार शिकवणारा व्हिडिओ गेम आहे, आणि हे उत्तर आधीच सांगून टाकतो कारण मला जो भेटतो तो पहिले हेच विचारतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न असतो की तो प्लास्टिकच्या बटनांचा गेम ना? तर नाही. पाच रंगीत बटनांची प्लास्टिकची गिटार हातात घेऊन खेळायचा तो गिटार हिरो, 2005 साली आलेला, त्यात मजा भरपूर आहे पण त्यात कितीही मोठा स्कोअर करणारा असला तरी त्याच्या हातात खरी गिटार दिली की साधी एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे काही स्वर, धरता येत नाही. रॉकस्मिथमध्ये आपली स्वतःची, लाकडाची, सहा तारांची गिटार एका केबलने कॉम्प्युटरला नाहीतर प्लेस्टेशनला जोडायची आणि स्क्रीनवर जे स्वर येतील ते खऱ्या तारांवर दाबून वाजवायचे, गेम ते ऐकतो आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथे सांगतो. युबीसॉफ्ट या गेम कंपनीने पहिला रॉकस्मिथ 2011 मध्ये काढला, मग 2013 च्या ऑक्टोबरमध्ये रॉकस्मिथ 2014 आला आणि 2016 मध्ये त्याचंच रीमास्टर्ड, म्हणजे सुधारून काढलेलं, रूप. मी या रीमास्टर्डवर शिकलो, अजूनही शिकतोय, आणि हा सगळा रिव्ह्यू त्याचाच आहे.

मला याची गरज का पडली ते सांगतो म्हणजे तुमचं आणि माझं गणित जुळतं का ते तुम्हालाच कळेल. माझं रोजचं अमळनेर-जळगाव अपडाऊन आहे. सकाळची गाडी पकडायची, संध्याकाळची गाडी वेळेवर आली तर आली, घरी येऊन हातपाय धुऊन जेवेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. आमच्याकडे पेटी-तबला शिकवणारे चांगले लोक आहेत, गिटारचे क्लास जळगावला आहेत, धुळ्याला आहेत, पण सगळ्यांच्या बॅचेस संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे बरोबर ज्या वेळात मी गाडीत उभा असतो. यूट्यूबवर शिकवणारे ढीगभर आहेत आणि त्यातले काही फार मनापासून शिकवतात, पण व्हिडिओला तुमची गिटार ऐकू येत नाही ना, तुम्ही चुकीची तार वाजवली तरी तो पुढे चाललेलाच असतो. मला रात्री साडेनऊला, दार लावून, हेडफोन घालून, घरात कोणाची झोप न मोडता वाजवता यावं आणि वाजवलेलं कोणीतरी ऐकून सांगावं एवढंच हवं होतं. हे काम हा गेम इतकं चांगलं करतो की त्याच्या बाकीच्या उणिवा मी मोकळ्या मनाने सहन करतो.

आधी केबलबद्दल, कारण सगळं तिच्यावर आहे. तिचं नाव रिअल टोन केबल. एका टोकाला गिटारचा नेहमीचा मोठा जॅक, दुसऱ्या टोकाला यूएसबी, आणि मधे गिटारच्या सिग्नलचं डिजिटलमध्ये रूपांतर करणारं छोटं सर्किट. तार हलते, तिच्याखालचा पिकअप ते हलणं विजेत बदलतो, केबल ते आकड्यांत बदलते आणि गेम त्या आकड्यांवरून ओळखतो की कुठला स्वर लागला. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ती सेकंदाला साधारण 82 वेळा हलते, सगळ्यात बारीक तार 330 च्या आसपास. म्हणजे जाड तारेची एक फेरी पूर्ण व्हायलाच 12 मिलिसेकंद लागतात, आणि स्वर ओळखायला गेमला एकापेक्षा जास्त फेऱ्या ऐकाव्या लागतात, त्यामुळे खालच्या स्वरांना किंचित उशीर होतो तो यामुळे. बेस गिटारवर तर मोकळी जाड तार 41 च्या घरात, तिथे हा उशीर अजून वाढतो. ज्यांना वाटतं की आपलं मशीन स्लो आहे म्हणून असं होतंय त्यांनी हे लक्षात ठेवा, काही भाग मशीनचा असतो पण काही भाग त्या तारेचाच असतो.

आता खेळ कसा असतो. गाणं निवडलं की आधी ट्यूनर येतो आणि सहाही तारा सुरात लावायला लावतो. नवीन माणसाला याचा कंटाळा येतो पण माझ्या मते अख्ख्या गेममधली सगळ्यात मोठी शिकवण हीच आहे, कारण रोज रोज सुरात लावून लावून काही महिन्यांनी कानालाच उतरलेली तार खुपायला लागते, ट्यूनर बघायच्या आधी हात खुंटीकडे जातो. मग स्क्रीनवर गिटारची मान आडवी दिसते आणि दुरून रंगीत ठोकळे तुमच्याकडे येतात, प्रत्येक तारेला एक रंग, सगळ्यात जाड लाल, मग पिवळा, निळा, केशरी, हिरवा आणि बारीक तार जांभळी. ठोकळा मानेवर येऊन टेकला की त्या तारेवर त्या घरात, म्हणजे मानेवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत, बोट दाबून वाजवायचं. सुरुवातीला हे रंग डोक्यात बसत नाहीत, आठवडाभर गोंधळ होतो, नंतर मात्र लाल दिसलं की चिमटीतली पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, आपोआप जाड तारेवर जाते. टॅब, म्हणजे गिटारची आकड्यांतली लिपी, वाचायची सवय असेल तर सेटिंगमध्ये तारांचा क्रम उलटा करायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी बघून ठरवा, नंतर बदलणं जड जातं.

अवघडपणा तो स्वतः कमी-जास्त करतो. पहिल्यांदा अख्ख्या ओळीत दोन-चारच स्वर येतात, तुम्ही ते बरोबर वाजवले की पुढच्या वेळी त्याच ओळीत सहा, मग दहा, मग पूर्ण कॉर्ड. चुकायला लागलं की तो गुपचूप कमी करतो. आणि हे गाण्याच्या प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं चालतं, म्हणजे मुखड्याचा भाग तुम्हाला पूर्ण येत असेल आणि सोलो येत नसेल तर मुखडा पूर्ण येतो आणि सोलो सोपा करून येतो. यामुळे पहिल्या दिवसापासून आपण गाणं वाजवतोय असं वाटतं, नुसता सा रे ग म चा पाठ नाही. आणि रात्री दमून आलेल्या माणसाला गिटार हातात घ्यायला लावायची ताकद याच गोष्टीत आहे, दुसऱ्या कशात नाही. युबीसॉफ्टने स्वतः 60 दिवसांचं चॅलेंज दिलेलं होतं, रोज एक तास आणि 60 दिवस. अपडाऊन करणाऱ्याला रोज तास कुठला मिळायला, पण वीस मिनिटं का होईना रोज, हे मात्र खरंच लागू पडतं, रविवारी एकदम तीन तास बसून बोटं सोलून घेण्यात काही अर्थ नाही.

पण ही आपोआप वाढणारी काठिण्यपातळी एका ठिकाणी घात करते आणि ती जागा म्हणजे कॉर्ड बदलणं. तुम्हाला नुकतं जमायला लागलेलं असतं आणि तो अचानक चार नवे स्वर टाकतो, लय तुटते. इथे रिफ रिपीटर वापरायचा. मला विचाराल तर गेमचे पैसे या एका सोयीसाठी द्यावेत. गाणं थांबवायचं, जो तुकडा अडतोय तेवढाच निवडायचा, अवघडपणा स्वतः हाताने पूर्ण करायचा आणि स्पीड निम्म्यावर आणायचा. स्पीड कमी केला तरी सूर उतरत नाही, फक्त चाल संथ होते. मग तो तुकडा फिरत राहतो, बरोबर वाजला की हळूहळू स्पीड वाढवतो.

एक उदाहरण देतो. सी कॉर्डवरून एफ कॉर्डवर जायचं. सी मध्ये तीन बोटं तिरकी पसरलेली असतात आणि एफ ला पहिलं बोट पहिल्या घरात आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या असतात, वरून बाकीची तीन बोटं. गिटार शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथेच गिटार कपाटावर ठेवून देतात. निम्म्या स्पीडला वाजवताना मला दिसलं की माझं तिसरं बोट सगळ्यात शेवटी उचललं जातंय आणि बाकीची बोटं त्याची वाट बघत हवेत थांबतायत. पूर्ण स्पीडमध्ये हे कधीच कळलं नसतं, तिथे फक्त एवढंच कळतं की चुकलं. संथ केल्यावर कळलं की तिसरं बोट तारेवरून न उचलता तिथेच ठेवता येतं, सी मध्ये ते पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात असतं आणि एफ मध्येही पाचव्या तारेवर तिसऱ्या घरातच लागतं, म्हणजे ते उचलायचीच गरज नाही! ते बोट तिथेच रोवून ठेवायचं, चौथं बोट त्याच्या खाली टाकायचं, दुसरं तिसऱ्या तारेवर आणि पहिलं आडवं. हे गेमने मला शब्दांत सांगितलं नाही, पण तोच तुकडा एवढा संथ करून, न कंटाळता, माझ्यासमोर फिरवत ठेवला म्हणून ते मला सापडलं.

आणि मास्टर मोड. एखादा तुकडा तुम्हाला पक्का यायला लागला की गेम स्क्रीनवरचे स्वर पुसायला लागतो. ठोकळे फिके होत होत नाहीसे होतात आणि गाणं चालूच असतं, तुम्ही पाठ असलेलं वाजवायचं. मला हे फार आवडतं कारण स्क्रीनकडे बघून वाजवायची सवय ही या गेमची खरी धोक्याची बाजू आहे. डोळे रंगांच्या मागे धावतात आणि कान झोपतात. मास्टर मोड कानाला उठवतो. कोणीही रॉकस्मिथ घेणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की एक गाणं तरी स्वर पूर्ण गायब होईपर्यंत न्या, दहा गाणी अर्धवट ठेवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं, आणि नंतर केबल काढून, लॅपटॉप बंद करून तेच गाणं कोणासमोर तरी वाजवा.

गिटारकेड म्हणून छोट्या खेळांचा एक भाग आहे, बदकांना बंदुकीने मारायचं पण बंदूक म्हणजे गिटारचं घर, बरोबर घर दाबलं की गोळी. लहान मुलांना बसवायला मस्त, मोठ्यांनाही घरं पाठ व्हायला उपयोगी. स्केलच्या, म्हणजे ठराविक स्वरांच्या संचाच्या, शर्यतीचा खेळ आहे तोही बरा. बाकीचे एकदा बघून सोडले तरी चालतील.

जे येत नाही ते पण स्पष्ट सांगतो. गेमला फक्त स्वर ऐकू येतो, तुमचा हात दिसत नाही. अंगठा मानेच्या मागे कुठे आहे, मनगट किती वाकलंय, खांदा आखडलाय का, यातलं काही त्याला कळत नाही. मनगट वाकडं ठेवून वर्षभर वाजवलं तर दुखणं मागे लागतं, आणि ते बघायला जिवंत माणूसच पाहिजे. मी मधूनमधून रविवारी धुळ्याला एका सरांकडे जातो, त्यांनी पहिल्याच बैठकीत माझा अंगठा वरून खाली आणला आणि कोपर अंगाजवळ घ्यायला लावलं, पाच मिनिटांचं काम, पण हा गेम ते पाच वर्षांत करू शकला नसता. दुसरं म्हणजे कॉर्ड तपासण्यात तो ढिला आहे, सहा तारांतल्या एक-दोन नीट दाबल्या गेल्या नाहीत, खरखरल्या, तरी बऱ्याचदा पास करतो. म्हणून कॉर्ड धरली की एकेक तार वेगळी वाजवून स्वतः तपासायची. तिसरं, उजव्या हाताचा झोका वर की खाली हे तो सांगत नाही, आणि ठेका तर त्या झोक्यातच असतो, मात्रा पायाने मोजायची सवय आपली आपणच लावून घ्यायची. ज्यांनी लहानपणी भजनात टाळ धरलेत त्यांना हे सोपं जाईल, बाकीच्यांनी सरळ मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावावा.

आता सेटअप. इकडच्या लोकांनी हा भाग नीट वाचा कारण परदेशी व्हिडिओंमध्ये आपल्याकडच्या अडचणी कोणी सांगत नाही.

पहिली अडचण वीज. लाईट गेली की इन्व्हर्टरवर सगळं चालतं, आणि स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर गिटारमध्ये असा घूंऽऽ आवाज शिरतो की गेमला वाटतं कोणीतरी सतत जाड तार वाजवतंय. गेम सुरू होताना एक कॅलिब्रेशन असतं, आधी जोरात वाजवा मग तारांवर हात ठेवून शांत राहा असं सांगतो, त्या शांततेत जर घूं असेल तर पुढे सगळी ओळख चुकते. उपाय सोपा आहे, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर खेळा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच आवाज बंद होतो. घराची अर्थिंग तपासून घ्या, आपल्याकडे कितीतरी घरांत तिसऱ्या पिनला वायरच नसते. तारांना बोट लावल्यावर आवाज कमी होत असेल तर समजा की घोळ अर्थिंगचा किंवा गिटारच्या आतल्या शिल्डिंगचा आहे. आणि गिटार नवीन घेणार असाल तर मागचा पिकअप हंबकर असलेली बघा, त्यात दोन उलट्या कॉइल असतात आणि त्या बाहेरून आलेला हा आवाज एकमेकीत मिटवून टाकतात.

दुसरी अडचण आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला गेला की खोलीत कूलर शिवाय बसता येत नाही, आणि कूलरची ओली हवा थेट गिटारवर आली की तारा काही दिवसांत काळ्या पडतात, घामाने अजून लवकर. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसा, गिटार बॅगेत ठेवा, कूलरच्या तोंडासमोर भिंतीला टेकवून ठेवू नका. दुपारी तापलेल्या खोलीत आणि रात्री कूलरसमोर ट्यूनिंग वेगवेगळं येतं, त्याचं टेन्शन घेऊ नका, गेम दर गाण्याला ट्यूनर दाखवतोच. इलेक्ट्रिकच्या तारा आमच्याकडे दुकानात सहसा मिळत नाहीत, अकूस्टिकच्या मिळतात, तेव्हा ऑनलाईन मागवताना दोन-तीन सेट एकदमच मागवा, शिकणाऱ्याने नऊ-बेचाळीसचा (हे तारांच्या जाडीचे आकडे) हलका सेट घ्यावा, बोटांना बरं पडतं.

तिसरी अडचण आवाजाचा उशीर. गिटार वाजवली आणि स्पीकरमधून ती किंचित नंतर ऐकू आली की वाजवणं अशक्य होतं. ब्लूटूथ हेडफोन तर चुकूनही नको, वायरचेच घ्या. टीव्हीला एचडीएमआयने जोडत असाल तर आवाज टीव्हीतून काढू नका, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून घ्या आणि टीव्ही गेम मोडवर टाका. विंडोजमध्ये केबलचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झवर आहे का बघा, आणि केबल यूएसबी हबमध्ये न लावता सरळ लॅपटॉपला लावा. एवढं केलं की साध्या लॅपटॉपवर पण नीट चालतो, गेम जुना असल्यामुळे वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. ज्यांच्याकडे आधीच चांगला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार-माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, आहे त्यांच्यासाठी आरएस एसिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर लोकांनी बनवलंय, त्याने कंपनीच्या केबलशिवाय इंटरफेसवर गेम चालतो आणि उशीरही कमी होतो. अकूस्टिक गिटार असेल तर कॉम्प्युटरवर माईक मोड आहे, पण कूलर चालू असलेल्या खोलीत माईकवर भरवसा ठेवू नका.

गाण्यांचं काय? सोबत 50 च्या वर गाणी येतात, सगळी परदेशी, बहुतेक रॉक. मराठी नाही, हिंदी नाही, अहिराणीचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत जे वाजतं त्यातलं एकही नाही. मला रॉक आवडतं म्हणून मला अडलं नाही, पण ज्याला जुनी हिंदी गाणीच वाजवायची आहेत त्याला वाटू शकतं की हे माझ्यासाठी नाही. त्याने एकच करावं, सेशन मोड उघडावा.

सेशन मोड म्हणजे तुम्ही ड्रम, बेस, कीबोर्ड असे साथीदार निवडायचे, स्केल निवडायची आणि मग मनाला येईल ते वाजवायचं, ते तुमच्या मागे येतात. तुम्ही हळू वाजवलं की ते हळू होतात, तुम्ही जोर केला की तेही चढतात. निवडलेल्या स्केलची घरं स्क्रीनवर उजळलेली दिसतात. मी एका रात्री मेजर पेंटॅटॉनिक लावली होती आणि हेडफोनऐवजी स्पीकर चालू होता, आप्पा पाणी प्यायला उठले, दारात उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "हाऊ ते भूप शे ना रे!" आप्पा आमच्या भजनी मंडळात पेटीवर बसतात. आणि खरंच, मेजर पेंटॅटॉनिकचे पाच स्वर म्हणजे सा रे ग प ध, भूप रागाचेच स्वर. मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, ते धानी रागाचे. आप्पांनी लगेच हेही सांगितलं की नुसते पाच स्वर म्हणजे राग नाही, कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठून कुठे जायचं ते चलन पाहिजे, आणि ते खुर्ची ओढून बसले आणि मला ग वरून प वर आणि ध वरून वरच्या सा वर कसं जायचं ते गाऊन दाखवायला लागले. ते गात होते आणि मी ते तारेवर शोधत होतो, मागे गेमचा बेसवाला आणि ड्रमवाला चालू. मींड काढायला गिटारवर बोट सरकवता येतं आणि तार ओढताही येते, आणि तार ओढायचा सराव गेमने करून घेतलेला असल्यामुळे ते लवकर जमलं. त्या मोडमध्ये आपलं कुठलंही संगीत बसवता येतं एवढं मी नक्की सांगतो.

यातूनच ट्यूनिंगची एक गोष्ट सापडली जी पेटीवाल्या घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावी. गिटारचं नेहमीचं ट्यूनिंग जाड तारेपासून पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. सगळ्या पांढऱ्या. आणि गेममधली काही गाणी ई फ्लॅट ट्यूनिंगची आहेत, त्यात प्रत्येक तार अर्धा स्वर उतरवायची. तशी उतरवली की सहा तारा होतात काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन, काळी पाच आणि परत काळी दोन, म्हणजे एकूण एक काळ्या! आता आमचं मंडळ गातं काळी एक नाहीतर काळी दोन मध्ये. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये या पट्ट्या गिटारवर फार अवघड पडतात, सगळीकडे आडवं बोट टाकावं लागतं. पण तारा अर्धा स्वर उतरवल्या की काळी दोनसाठी ई ची सोपी कॉर्ड धरायची, काळी एकसाठी डी ची. गेममध्ये गाणं बदललं की परत ट्यूनिंग करावं लागतं याची अनेकांची तक्रार असते, गाण्यांची यादी ट्यूनिंगप्रमाणे लावता येते त्यामुळे तो त्रास बराच कमी होतो, पण मला तर त्या त्रासानेच मंडळात बसवलं. यंदा सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत मंडळाच्या भजनाला मी मागे बसून नुसत्या कॉर्ड धरल्या, ई, ए आणि बी सेव्हन, आवाज अगदी बारीक ठेवून. पखवाजवाल्या काकांनी मला एकदाच मागे वळून लय सांगितली, नंतर वळले नाहीत.

आता विकत घ्यायचं काय ते. रॉकस्मिथ 2014 ची ऑनलाईन विक्री ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्या लायब्ररीत तो आहे आणि डाऊनलोडही होतो, मी सेलमध्ये आधीच घेतला होता म्हणून माझं चालू आहे. नव्याने घेणाऱ्याला प्लेस्टेशन 4 किंवा एक्सबॉक्स वनची सेकंडहँड डिस्क शोधावी लागेल, आणि शोधताना केबल सोबत आहे का ते आधी विचारा, बॉक्सचा फोटो मागू नका, केबलचा मागा, आणि ती चालू करून दाखवायला सांगा. नुसत्या डिस्कचा उपयोग नाही. केबल वेगळी घेत असाल तर सावध राहा, ऑनलाईन तशाच दिसणाऱ्या साध्या यूएसबी गिटार केबल भरपूर विकल्या जातात, कॉम्प्युटर त्यांना साधा माईक म्हणून ओळखतो पण हा गेम त्यांना आपली केबल म्हणून ओळखत नाही. एवढी यातायात करायची नसेल तर युबीसॉफ्टचंच रॉकस्मिथ प्लस आहे, 2022 पासून, त्यात गाणी हजारोंनी आहेत आणि फोनच्या माईकवर अकूस्टिकही चालते, पण ते वर्गणीवर आहे, पैसे भरणं थांबवलं की शिकणं थांबलं. मला स्वतःला एकदा पैसे देऊन कायमचं आपलं होणारं बरं वाटतं, पण जुना मिळतच नसेल तर थांबून राहण्यापेक्षा एक महिना प्लस घेऊन बघा. फिनलंडचं यूजिशियन नावाचं ॲप पण याच जातीचं आहे, फोनवर चालतं, त्यात पायरी-पायरीने शिकवणं रॉकस्मिथपेक्षा नीट लावलेलं आहे, पण गाणं वाजवल्याचा जो जोश आहे तो मला तिथे मिळाला नाही.

गिटार मात्र फार महाग घ्यायची गरज नाही. दहा-बारा हजारांत शिकण्यापुरती चांगली इलेक्ट्रिक मिळते, फक्त आल्यावर ती एखाद्या जाणकाराकडून सेट करून घ्या. तारा मानेपासून फार उंच असतील तर बोटं लवकर दुखतात आणि स्वरही बेसूर येतो, गेम मग तुम्हाला चूक देत राहतो आणि तुम्हाला वाटतं आपल्याला जमत नाही. ॲम्प्लिफायर लगेच घेऊ नका, गेममध्येच शेकडो प्रकारचे टोन बनवता येतात, ॲम्पचे पैसे वाचतात ते धुळ्या-जळगावच्या एखाद्या सरांना महिन्यातून एकदा द्या.

शेवटची एक गोष्ट. दोन केबल लावल्या तर गेम दोघांना एकदम खेळता येतो, एकाने गिटार आणि दुसऱ्याने बेस, दोघांचा अवघडपणा वेगळा. माझ्याकडे दुसरी केबल आणून पडलीय, मित्राने दिलेली एक जुनी बेसही आहे, तारा नव्या घातल्यात. अमळनेर, धरणगाव, पारोळा, चोपडा या भागात कोणाला बेस शिकायची असेल, अजिबात येत नसली तरी चालेल, रविवारी दुपारनंतर मी घरीच असतो, मला कळवा आणि या.